पांढऱ्या काजळाला लागलेली हळद

झेंडूचे ढीग बघितले की माणसांना दसरा आठवतोय. मला मळमळाय लागतंय.

आता बी चिकोडीच्या स्टँडसमोर झेंडू उतरलाय. गोण्या फाडून फूटपाथवरच ओतलाय. माळा करणाऱ्या बायका दोरा दातात धरून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलालत्यात. लांबनं बघितलं तर लई भारी दिसतंय. जवळ गेलं की तो वास. हिरवट, कडवट, वल्ल्या फडक्याचा. आणि हा तर ताज्या फुलांचा. दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी हीच फुलं गटारीच्या कडंला काळी, चिकट होऊन पडत्यात, वर चिलटं फिरत्यात, गाय येऊन हुंगत्या आणि तोंड फिरवून निघून जात्या.

फुलांच्या शेजारी हळदीची परात असत्या. डोंगर केलेला, वर अंगठ्यानं दाबून टोक काढलेलं. ती परात दिसली की मी रस्ता बदलतो.

मी इथल्या पीयू कॉलेजात, म्हंजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो. गेस्ट लेक्चरर. म्हंजे पंगतीला बसवलेला पाव्हणा, पाट कवा काढून घेतील सांगता येत न्हाय. काल बारावीची चार पोरं स्टाफरूममध्ये आली. त्यांच्या म्होरक्याच्या हातात प्लास्टिकची पुडी.

"सर, खंडेनवमीला लॅबची पूजा करूया की. आमी भंडारा बी आणलाय."

पुडीला बारकं भोक होतं. त्यातनं हळद त्याच्या बोटावर गळालती. मी खुर्चीसकट मागं सरकलो. पोरं हसली. त्यांना वाटलं सर कसली तरी नक्कल करालेत.

"फोटोला हार घाला. नारळ भाईर फोडा. हळद लॅबात न्यायची न्हाय."

"का सर?"

"मशीनला सोसत न्हाय."

परत हसली. हे माझं जुनं दुखणं. मी खरं बोललो तरी लोक आधी हसून घेत्यात, आणि एकदा हसली की पुढचं कोण ऐकत न्हाय. आता ते हसणं मीच त्यांना शिकवलंय, त्याला कोण काय करणार.

मी निपाणीकडच्या खेड्यातला. आमच्याकडं हंगाम नाकातनं येतोय. तंबाखू वखारीत उतरली की गल्लीभर माणसं शिंकत्यात. शेठ शिंकतोय, हमाल शिंकतोय, पोस्टमन पत्र देता देता शिंकतोय. दुसरीत असताना मी सगळ्यांच्या शिंका वेगवेगळ्या करून दाखवायचो. हेडमास्तरांची शिंक इतकी बरोबर जमली होती की एकदा वर्ग उभा राहिला. तवापासनं माझं नाव नकल्या पडलं. आईनं लई सांगितलं, "बाळा, दुसऱ्याचा आवाज काढताना आपला कुठं ठेवतोस, बघून ठेव." आई जैन घरातली, चुलीत लाकूड घालायच्या आधी ते दोनदा आपटून, किडामुंगी झाडून मग घालणारी. तिची सगळी बोलणी तशीच, झाडून घेतलेली. मी हसून सोडून दिली.

मग बेळगावला एमएस्सीला आलो. दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट मिळालं: ज्योतीतनं पावडर करायची आणि त्या पावडरीचे सोलर सेल करायचे. ऐकून मला वाटलं, काय तरी जादूचं असणार. बघितलं तर आईचं काजळ.

लहानपणी आई काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्याच्यावर काशाची ताटली पालथी, आणि थोड्या वेळानं ताटलीच्या पोटाला काळी मऊ मखमल. लॅबमधलं मशीन ह्याच्या पलीकडं काय न्हवतं. दिव्याच्या जागी पेनाच्या टोकाएवढं स्टीलचं तोंड. त्यातनं टायटॅनियमचं पातळ औषध यायचं, भोवतीनं ऑक्सिजन सुसाट सुटून त्याचा फवारा करायचा, आणि कडंनं गॅसच्या बारक्या ज्योतींचं कडं त्या फवाऱ्याला पेटवायचं. वीतभर उंच, सरळ, भुर्रर्र आवाज करणारी ज्योत. ताटलीच्या जागी वर उलटं नरसाळं, त्यात ताटलीएवढा पांढरा फिल्टर कागद, आणि त्याच्या मागं पंप. पंप धूर ओढून घ्यायचा, धुरातले कण कागदावर बसायचे. फरक एवढाच की हे काजळ पांढरं. लोखंडाला हवा लागली की तांबडा गंज येतोय, तसा हा टायटॅनियमचा पांढरा गंज, ज्योतीत क्षणात झालेला. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये हेच पांढरं असतंय. फक्त आमचं लई म्हंजे लई बारीक.

किती बारीक ते सुनंदाक्कानं सांगितलं. आक्का आमच्या लॅबातली पीएचडीची. माहेर कंग्राळी, सासर अनगोळ. दोन्हीकडनं शेतातली माणसं. ती म्हणाली, "ही एक ग्रॅम पावडर. ह्यातल्या सगळ्या कणांचं अंग उलगडून जमिनीवर आंथरलंस तर गुंठाभर होतंय बघ." मी चिमूट तळहातावर घेऊन बघितली. फुंकर मारली असती तर गुंठा उडून गेला असता.

त्या गुंठ्याला रंग पाजायचा. रंग ऊन धरणार, कण त्याची वीज काचेवर आणून सोडणार. असा तो सेल. बोटाच्या नखाएवढा, दिव्याखाली ठेवून मापायचा. आक्का सहा वर्षं ह्या नखाएवढ्या कामात होती. मुदत दोनदा वाढवून झालेली. आता शेवटची, वर्षअखेरपर्यंत. सासूबाई तिला दर सणाला म्हणायच्या, "सहा वर्षं नुसता धूर करालीयास, भाकरी कवा करणार?" हे आक्कानंच मला सांगितलं आणि मी सासूबाईंचा आवाज काढून परत तिलाच म्हणून दाखवलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नकला सगळ्यात आधी तिलाच कळायच्या आणि सगळ्यात मोठ्यांदा तीच हसायची.

ज्योत मात्र ती एकटीच वाचायची. "लांबुडकी, पिवळी झाली म्हंजे उपाशी हाय. ऑक्सिजन वाढव. आखूड, निळसर झाली म्हंजे पोट भरलं तिचं." उपाशी ज्योतीत काळी काजळी मिसळत्या आणि पावडर राखाडी येत्या. पहिले दोन महिने मी राखाडीच काढली. लॅबात औषधात घालायच्या थिनरचा उग्र वास, खिडकी उघडली तर मागच्या कँटीनचं जळकं तेल. नाक शिंकरलं की रुमालात कधी काळं, कधी पांढरं. मी रुमाल फिरवून सगळ्यांना दाखवायचो. आक्का म्हणायची, "शी रं! कसलं घाणेरडं पोर हाय हे." तिला स्वतःला वास यायचाच बंद झालेला. सहा वर्षांच्या थिनरनं तिचं नाक नेलं होतं. डब्यातली आमटी आंबली का बघायला डबा माझ्याकडं सरकवायची.

आणि आमचे सर. आक्काचे गाईड, माझेबी. त्यांना कुठलीच गोष्ट अवघड वाटायची न्हाय. "सिंपल हाय," म्हणायचे. पेनाच्या टोपणानं कान कोरायचे आणि तेच टोपण स्क्रीनवरच्या ग्राफवर टेकवून म्हणायचे, "हितनं असा वर गेला पायजे कर्व्ह. सिंपल हाय." स्क्रीनवर पिवळट ठिपके पडलेले असायचे. ते कोण पुसायचं न्हाय.

खंडेनवमी आली. आमच्या भागात ह्या दिवशी लोखंडाला सुट्टी. नांगर, कोयता, शिवणयंत्र, बस, लेथ, सगळ्याला हळदकुंकू, सगळ्याला झेंडू. कॉलेजात तर डिपार्टमेंटांची चढाओढ, कुणाचं मशीन जास्त नटलंय. आक्कानं त्या दिवशी सकाळीच एक लांब रन काढला होता, चांगला दोन तासांचा, पोट भरलेल्या ज्योतीचा. कागदावर दाट पांढरी साय धरली होती. तिला माहेरी नवमीच्या जेवणाला जायचं होतं. हेल्मेट घालता घालता म्हणाली,

"फिल्टर काढलेला न्हाय. गार होऊ दे. दसरा झाल्यावर मीच येऊन खरवडते. तू हात लावू नको."

"न्हाय लावत."

"शपथ?"

"तुझ्या सासूची शपथ."

"मर मेल्या," म्हणाली आणि स्कूटर काढून गेली.

दुपारी सर आले, मागनं डिपार्टमेंटची सगळी मंडळी. मशीनला झेंडूची माळ घातली, पुढं हळदीची परात ठेवली. सरांना चालू मशीनचा व्हिडिओ पायजे होता. ज्योत पेटवायची परवानगी आक्काशिवाय कुणालाच न्हवती, म्हणून मी नुसता पंप चालू केला. घूं घूं आवाज सुरू झाला. "बघा, यंत्रात देव आला," मी म्हटलं. हसली सगळी. मग मला चेव आला. उपरणं घेतलं, भटजी झालो. ऑक्सिजनाय नमः, सिलेंडराय नमः, गाईडाय नमो नमः. सर पोट धरून हसाले. पोरी मोबाईल वर धरून उभ्या. लोक हसत असताना मी कवा थांबलोय? चिंचलीच्या जत्रेत माणसं भंडारा कशी उधळत्यात ते मी लहानपणापासनं बघितलेलं. परातीतली मूठ भरली, "चांगभलं!" म्हणून वर फेकली. दुसरी मूठ फेकली. तिसरी.

पिवळा ढग झाला. उन्हाच्या तिरिपीत लई सुंदर दिसला. आणि सगळा ढग एका बाजूला वाकला, वर चढला आणि नरसाळ्यात गेला. पंपाचं कामच ते. बारीक धूळ दिसली की ओढून घ्यायची आणि कागदावर बसवायची. मशीननं त्या दिवशी आपलं काम एकदम चोख केलं.

मी बघितलं. व्हिडिओ काढणाऱ्या पोरींनीबी बघितलं असंल, पण त्यांना फिल्टरचं काय माहीत. मी पंप बंद केला आणि प्रसादाचा कुंदा, आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, खाल्ला. हाताला हळद होती, कुंद्याला हळदीची चव लागली. ती चव अजून जिभंवर हाय. मला कुंदा आवडायचा.

हात लावू नको म्हणाली होती. हात लावला न्हवताच.

दसऱ्यानंतर आक्का आली. नरसाळं सोडवलं. झाकण उघडल्याबरोबर माझ्या नाकात लग्नघराचा वास शिरला. तिला काय आला न्हाय. स्टीलच्या कडंला पिवळी रेघ होती. ती चमचा शोधायला वळली, तेवढ्यात मी अंगठ्यानं रेघ पुसली आणि अंगठा खिशात घातला. विचार करून केलं न्हवतं. अंगठ्यानंच केलं.

आक्का कागदाकडं बघत उभी राहिली. "पिवळसर का आलंय रं हे?"

मी आजवर शंभर माणसांच्या आवाजात बोललोय. त्या दिवशी कुठला आवाज काढला ठाऊक न्हाय. म्हटलं, "ज्योत उपाशी होती काय आक्का?"

"उपाशी ज्योत काळं करत्या. पिवळं कसं करंल?" ती स्वतःशीच बोलली, आणि खरवडाय लागली.

आता सांगायला पायजे होतं. तिथल्या तिथं. दोन शिव्या बसल्या असत्या, एक रन गेला असता, दोन तासांचं औषध गेलं असतं. एवढंच. पण आक्कानं बाटली सरांकडं नेली, सरांनी पावडरीवर कुठला उजेड किती शोषला जातोय ते मापून घेतलं, आणि ग्राफला जिथं कुबड यायला न्हाय पायजे तिथं कुबड आलं. पांढरी पावडर नुसतं डोळ्याला न दिसणारं ऊन खात्या. ही पिवळी पावडर डोळ्याला दिसणारं ऊनबी खालती. सर खुर्चीवरनं उठले. टोपण कानातच ऱ्हायलं.

"दोष! कणांतला थोडा ऑक्सिजन कमी पडून दोष तयार झालाय! दिसणाऱ्या उजेडातली पावडर, तीबी साध्या ज्योतीतनं! सुनंदा, तुझा पाचवा चॅप्टर हाच. सिंपल हाय!"

कुंदा मागवला. त्याच बोटांनी सरांनी बाटलीचं बूच उघडलं, पावडर उजेडात धरली, "काय रंग हाय, काय रंग," म्हणाले. हळदीच्या पुडीकडं बघून एवढा शहाणा माणूस लाळ गाळालता. मला हसू यायला पायजे होतं. ह्याच्यापेक्षा चांगला विनोद मला जन्मात सुचला नसता. पण आक्काच्या चेहऱ्याकडं बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला शाबास म्हणालतं. ती लाजून ओढणीचं टोक पिळालती. मी तोंडातला कुंदा गुपचूप रुमालात काढला.

मग सुरू झाले ते चाळीस दिवस. दसऱ्यापासनं दिवाळी, दिवाळीपासनं तुळशीचं लग्न उलटेपर्यंत. सर म्हणाले, एकदा आलंय म्हंजे परत येणार, कर. आक्का करत राहिली. ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन जास्त. औषध पातळ, औषध घट्ट. ज्योत वीतभर, ज्योत दोन विती. रोज सकाळी अनगोळातनं यायची, ओढणी खोचायची आणि पेटवायची. रोज संध्याकाळी कागद काढायची. पांढरं. परत पांढरं. शुभ्र, निर्मळ, हिच्या हाताला सहा वर्षांत कवा आलं न्हवतं इतकं सुंदर पांढरं. आणि ती ते बघून तोंड पाडून बसायची. जुन्या पिवळ्या बाटलीतली चिमूट लेप करून काचेवर लावली, भट्टीत घातली, तर बाहेर येताना काच पांढरी. सेल मापला तर नेहमीचाच आकडा.

"भट्टीत रंग जातोय," ती सरांना म्हणाली.

"हवा लागली, दोष भरून निघाला. सिंपल हाय. भट्टीच्या आधीचा ग्राफ दाखव, नंतरचं दाखवू नको."

दिवाळीच्या दिवसांतबी आली. तिच्या पोरीनं डब्यात चकली दिलेली, चकलीला थिनरचा वास लागलेला. मी खाल्ली. ती खोकायची, खिडकीतनं थुंकायची, थुंकीबी पांढरी. मी तिला हसवायला सरांची नक्कल करायचो, टोपणासकट. ती हसायची, पण हसून झालं की परत ज्योतीकडं बघायची. आणि मला माझ्या तोंडाची शिसारी यायची. असं वाटायचं की माझं तोंड म्हंजे कुणीतरी वापरून टाकलेला रुमाल, कुणाचंबी नाक पुसायला चालतोय.

एका दुपारी तिनं गॅसची चावी बंद केली, स्टुलावर बसली आणि हाताचे पंजे समोर धरून बघाय लागली. नखांच्या कडा पांढऱ्या.

"माझा हात गेला रं," म्हणाली. "पयल्यांदा बरोबर जमलं आणि आता जमंना. काय केलं होतं मी त्या दिवशी? काय तरी केलं असणार. मला आठवंना." मग नखाची कड खरवडत, "ज्योत कळत्या म्हणून एवढी वर्षं काढली. तीबी कळत न्हवती म्हंजे मी काय केलं हितं?"

तवा सांगितलं. सगळं. चांगभलं, तीन मुठी, पंप, अंगठा. सांगताना माझा आवाज मलाच वळखंना.

आक्का उठली. खलबत्ता घेतला, स्वतःची पांढरी पावडर घातली, चहाच्या कपाटातनं पूजेतला उरलेला हळदीचा डबा काढून चिमूट टाकली आणि घोटलं. जुनी बाटली शेजारी ठेवली. दोन्ही एकच. लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा, बहीण-बहीण शोभतील असा.

"चाळीस दिस," म्हणाली.

"आक्का, चुकलं गं. हळद चुकून..."

"हळदीचं मरू दे. सणाचं होतंय कुणाकडनंबी. तू रोज हितं बसून बघितलंस. मी धूर खात होते आणि तू मला हसवत होतास." तिनं खलबत्ता नळाखाली धरला. "सरांचा मला राग बी येत न्हाय. तुझी किळस आली मला."

पाण्याबरोबर पिवळं वाहून गेलं. नळ चालूच ठेवून ती कितीतरी वेळ खलबत्ता धूत होती.

सरांकडं आम्ही दोघं गेलो. सरांनी ऐकलं. टोपण काढलं, टोक बघितलं, फुंकलं. मग हसले. "मग हळदीचा रंग वापरला असं लिहू की. वनस्पतीचे रंग वापरत्यातच सोलरला. सिंपल हाय."

"सर, माझं काम ज्योतीचं हाय," आक्का म्हणाली. "हळद ज्योतीतनं आली न्हाय."

"मॅडम, तुमची मुदत किती ऱ्हायली?" सर एकदम तुमी म्हणाले. "सेमिनारला पिवळं दाखवा. पुढचं पुढं बघू. न्हायतर पाचवा चॅप्टर न्हाय, आणि चॅप्टर न्हाय तर मी सही कशावर करू?"

माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि तू रे नाटक्या, तुझ्या तोंडाला कुलूप."

कुलूप म्हटल्यावर मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटत्या, पण वाटलं. आता सांगायची जबाबदारी माझी ऱ्हायली न्हवती.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कुणी जीव टांगून बसायला नको. आक्काला डिग्री मिळाली. एक चॅप्टर कमी, जाडी कमी, सरांनी शेवटच्या आठवड्यात तोंड वाकडं करून सही केली. ती आता डॉक्टर हाय. बेळगावातच शिकवत्या. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तिच्या पोरीनं उचलला, "आई कामात हाय" म्हणाली, आणि मागं आक्काचा आवाज ऐकू येत होता. मित्र जमले की अजून म्हणत्यात, "ते भंडाऱ्याचं करून दाखव रं." मी करून दाखवायचो. आता करत न्हाय. माझी सुधारणा झाली म्हणून न्हाय. मधेच उमासा येतोय, आणि लोकांना वाटतंय तोबी नकलेतलाच हाय.

पण डिग्रीच्या आधी सेमिनार होता. डिसेंबरातला थंड दिवस, हॉल भरलेला. कमिटीतले तिघं पुढं, त्यांच्या शेजारी सर. मी तिसऱ्या रांगेत, कडंच्या खुर्चीवर, उठायला सोपी अशी. आक्का निळी साडी नेसून आली होती. इंग्लिशमधनं बोलली, सावकाश, जपून. मशीन दाखवलं, ज्योत दाखवली, गुंठ्याचंबी सांगितलं. मग पिवळ्या बाटलीचा फोटो आला. सर खुर्चीत टेकून बसले.

"हा रंग ज्योतीतनं आलेला न्हाय," आक्का म्हणाली. "खंडेनवमीच्या पूजेत आमच्याकडनं फिल्टरमध्ये हळद गेली. हा ग्राफ हळदीचा हाय. हे माप मी माझ्या कामातनं काढून टाकते."

मागनं कुणीतरी खुदकन हसलं. तेवढं पुरलं. अख्खा हॉल फुटला. कमिटीतले म्हातारे सर चष्मा काढून डोळे पुसाले. हसत हसतच त्यांनी विचारलं, "पण पूजा केली कुणी?"

माझे पाय खुर्चीखाली गोळा झाले. उठायला अर्धा क्षण लागला असता.

"आम्हीच सर," आक्का म्हणाली. "लॅबनं."

आमचे सर हसाले. खरं तर ते आतनं जळालते, पण कमिटी हसत्या म्हटल्यावर हसाय लागले, आपलं ते हूं-हूं-हूं, खांदे उडवत. आणि आजूबाजूला सगळी हसत असताना मी एकटाच गप्प बसलो असतो तर शेजारच्यानं वळून बघितलं असतं. त्याला कळलं असतं पूजा कुणी केली. म्हणून मीबी हसलो. दुसऱ्या कुणाचं हसू जवळ न्हवतं, म्हणून सरांचंच घेतलं. हूं-हूं-हूं. खांद्यासकट. अगदी हुबेहूब. शेजारच्याला काय कळलं न्हाय. कुणालाच कळलं न्हाय.

आक्कानं मान वर केली आणि बरोबर तिसऱ्या रांगेत बघितलं.

मग पाण्याचा घोट घेतला, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणि पडद्यावर पुढचा फोटो लावला. पांढरा. चाळीस दिवसांच्या चाळीस बशा, ओळीनं मांडलेल्या, सगळ्या पांढऱ्या. हॉल अजून हसालता. ती थांबली न्हाय.

"आता माझं काम," म्हणाली.